जखमी मस्तकांचे ऋण



मेंदूच्या विषयावर डॉक्टरांनी बोलावे, प्राध्यापकांनी बोलावे. युनियनचे काम करणाऱ्या माणसाने या व्यासपीठावर उभे राहण्याचे कारण काय, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. तो आमच्याही मनात आला होता. आमचे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले. पुढचे सारे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, लेबर कोर्टाच्या पायऱ्यांवर आणि नगर वाचनालयाच्या बाकावर झाले. इंग्रजी पुस्तके आम्ही शब्दकोश शेजारी ठेवून वाचली आणि जिथे कोशाने हात टेकले तिथे जाणत्या माणसांना विचारले. तेव्हा शास्त्र शिकविण्याचा आव आम्ही आणणार नाही. आम्ही सांगणार आहोत तो इतिहास आहे. आणि तोही आम्हांला हौसेने नव्हे, एका भरपाईच्या अर्जापायी शोधावा लागला.

गोष्ट १९९० नंतरच्या दशकातली. एका कारखान्यात चेनपुलीचा हूक सुटून आमच्या एका सहकाऱ्याच्या कपाळावर बसला. माणूस तिशीचा, फिटर, हाताचा कुशल आणि स्वभावाने इतका शांत की खात्यातली भांडणे मिटवायला त्यालाच बोलवीत. तीन आठवडे तो दवाखान्यात होता. जखम भरली, टाके निघाले आणि कामावर हजर होण्यास योग्य असा दाखला घेऊन तो पाळीवर आला. परंतु आलेला माणूस निराळा होता. क्षुल्लक कारणावरून तो हातघाईवर येई. दहा वर्षे जे काम सहज केले ते अर्ध्यावर टाकून दुसऱ्याला हात घाली. सांगितलेले विसरे, आणि आपण विसरलो आहोत हेही त्याच्या ध्यानी येत नसे. चार महिन्यांत तीन आरोपपत्रे आली; पाचव्या महिन्यात गैरवर्तनाबद्दल त्याला कामावरून काढले. त्याची बायको युनियनच्या कचेरीत आली आणि म्हणाली, "भाऊ, दवाखान्यानं माणूस परत दिला, पण आमचा होता तो नाही दिला."

आम्ही भरपाईचा दावा लावायला बसलो. त्या वेळी १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा लागू होता. त्याच्या परिशिष्टात शरीराच्या एकेका अवयवाचा हिशेब मांडलेला होता. अंगठा गेला तर कमावण्याची शक्ती ३० टक्के गेली. अख्खी तर्जनी गेली तर १४ टक्के. चेहरा अतिशय विद्रूप झाला तर १०० टक्के. परंतु चेहरा शाबूत आणि त्या चेहऱ्यामागचा माणूस बदललेला, अशा नुकसानीचा रकाना त्या यादीत आम्हांला सापडला नाही. यादीबाहेरच्या दुखापतीचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे अशी तरतूद होती; पण डॉक्टरांना दाखवायचे काय? जखम तर भरली होती. युक्तिवाद करायला आमच्यापाशी शब्दच नव्हते. दावा आम्ही हरलो. हरून बाहेर पडलो तेव्हा ओळखीच्या एका तरुण डॉक्टरांनी आम्हांला एक नाव लिहून दिले आणि म्हणाले, "याच्याविषयी वाचा. हाही तुमच्यापैकीच होता." कागदावर नाव होते फिनिअस गेज.

हा गेज अमेरिकेतला, रेल्वेच्या कामावरचा मुकादम. व्हरमाँट प्रांतात कॅव्हेंडिश नावाच्या गावाजवळ रटलंड-बर्लिंग्टन रेल्वेसाठी खडक फोडण्याचे काम चालले होते. १३ सप्टेंबर १८४८ हा तो दिवस. खडकात भोक पाडायचे, त्यात बंदुकीची दारू भरायची, वर वाळू घालायची आणि लोखंडी पहारीने ठासायची, अशी सुरुंगाची रीत. त्या दिवशी ठासताना ठिणगी उडाली आणि सुरुंग उलटा उडाला. पहार साडेतीन फुटांहून थोडी अधिक लांब, सव्वा इंच जाड आणि सव्वातेरा पौंड वजनाची. ती गेजच्या डाव्या गालाखालून शिरली, डोळ्याच्या मागून, मेंदूच्या पुढच्या भागातून जाऊन टाळूतून बाहेर पडली आणि पंचवीस यार्डांच्या आसपास लांब जाऊन पडली. गेजचे वय त्या वेळी २५.

चमत्कार असा की माणूस मेला नाही. काही मिनिटांत तो बोलू लागला, बैलगाडीत बसून आपल्या बिऱ्हाडी आला आणि डॉक्टरांची वाट पाहत ओसरीवर बसला. जॉन हार्लो नावाच्या तरुण गावडॉक्टरांनी त्याची शुश्रूषा केली. जखम चिघळली, मरण जवळ येऊन गेले, डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. परंतु अडीच महिन्यांच्या आत तो घरी गेला. बरा झाल्यावर त्याने आपली मुकादमाची जागा परत मागितली. अपघातापूर्वी त्याच्याइतका कार्यक्षम मुकादम आपल्याकडे नाही असे म्हणणाऱ्या मालकांनी ती देण्यास नकार दिला. हार्लो यांनी वीस वर्षांनी, १८६८ साली, कारण नोंदविले: माणूस लहरी, शिवराळ आणि हेकट झाला होता, बेत करी आणि मोडी, आणि त्याला ओळखणारे म्हणत की हा तो गेज नव्हेच. मंडळी, वाचनालयाच्या बाकावर हे वाचले तेव्हा आमच्या अंगावर काटा आला. कचेरीत आलेल्या त्या बाईने दुसऱ्या शब्दांत हेच सांगितले होते, आणि ते दीडशे वर्षांपूर्वी कागदावर येऊन बसले होते. दाव्याच्या वेळी मात्र ते आम्हांला ठाऊक नव्हते.

गेजची गोष्ट बहुतेक पुस्तकांत इथेच संपते. ती तिथे संपविणे हा त्याच्यावर अन्याय आहे. पुढे त्याने तबेल्यात काम केले. १८५२ साली तो दक्षिण अमेरिकेत चिली देशात गेला आणि तिथे कित्येक वर्षे त्याने सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकली. सहा घोड्यांचे लगाम बोटांत खेळवायचे, उतारू सांभाळायचे, परक्या मुलखात परक्या भाषेत व्यवहार करायचा, हे बेत मोडणाऱ्या लहरी माणसाचे काम नव्हे. माल्कम मॅकमिलन या संशोधकांनी अलीकडच्या काळात गेजचे सारे कागद तपासले आणि दाखवून दिले की नियमाचे काम हाती आल्यावर हा माणूस पुष्कळ अंशी सावरला होता. १८६० साली सॅन फ्रान्सिस्कोत फेपऱ्याच्या झटक्यांनी तो वारला. पुढे हार्लो यांच्या विनंतीवरून घरच्यांनी त्याची कवटी काढून दिली; ती आणि ती पहार हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत.

याच सुमारास आपल्याकडे बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडण्याचे काम चालू होते. १८५६ ते १८६३ या वर्षांत तिथे सुरुंगाने, कड्यावरून पडून आणि पटकीने हजारो मजूर मेले. त्यांत किती जणांचे माथे फुटले आणि फुटक्या माथ्याने किती जण घरी गेले, हे लिहून ठेवायला तिथे कोणी हार्लो नव्हता. गेजचे नाव राहिले ते डॉक्टरने टिपण ठेवले म्हणून. टिपण ठेवणे ही केवढी मोठी सेवा आहे, हे युनियनच्या कार्यकर्त्याने यावरून शिकावे.

दुसरा माणूस पॅरिसचा. बिसेत्रच्या इस्पितळात एक रुग्ण एकवीस वर्षे पडून होता. काहीही विचारले तरी तो 'तान, तान' एवढेच म्हणे; म्हणून सगळे त्याला तान याच नावाने ओळखत. एप्रिल १८६१ मध्ये तो वारला तेव्हा पॉल ब्रोका या शल्यवैद्यांनी त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूला, कपाळाच्या मागच्या भागात, जखम आढळली. वाणीचे स्थान मेंदूत कोठे आहे याविषयीचा पहिला भक्कम पुरावा तो हाच. ब्रोकांचे नाव मेंदूच्या त्या भागाला मिळाले. तानचे खरे नाव मात्र फारसे कोणी विचारले नाही. ते होते लुई व्हिक्टर लबोर्न्य. तो जोडे शिवणाऱ्यांसाठी लाकडी कलबूत घडविणारा कारागीर होता, हे पोलंडमधल्या एका संशोधकाने २०१३ साली जुनी दप्तरे धुंडाळून प्रसिद्ध केले. म्हणजे ज्याच्या मेंदूने जगाला वाणीचे स्थान दाखविले, त्याचा धंदा जगाला कळायला दीडशे वर्षे लागली.

आतापर्यंतची वाट दुखापतीची होती. निसर्गाने किंवा अपघाताने जे मोडले त्यावरून ते काय काम करीत होते हे ओळखायचे. दुसरी वाट विजेची. इटलीत गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायाला विजेने झटका येतो हे दाखविले. त्यांचे भाचे आल्दिनी यांनी १८०३ साली लंडनमध्ये, फाशी दिलेल्या एका माणसाच्या प्रेतावर विजेचे प्रयोग जाहीरपणे केले. प्रेताचा जबडा हलला, एक डोळा उघडला. पण खुद्द मेंदूला वीज लावली तर काय होते? विद्वानांची समजूत होती की मेंदूच्या पृष्ठभागाला काहीच होत नाही. १८७० साली बर्लिनमध्ये गुस्टाव्ह फ्रिट्श आणि एडुआर्ड हित्झिग यांनी कुत्र्यांच्या मेंदूवर मंद प्रवाह सोडला. उजव्या बाजूच्या एका ठिकाणी सोडला की डावा पाय हले, दुसऱ्या ठिकाणी सोडला की चेहरा. मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा नकाशा आहे हे त्यातून निघाले. इंग्लंडमध्ये डेव्हिड फेरिअर यांनी हाच नकाशा माकडांवर अधिक बारकाईने काढला.

आता माणूस राहिला होता. माणसाच्या जिवंत मेंदूवर हा प्रयोग कोण करू देणार? तिथे पुन्हा एक कष्टकरी देहच सापडला. १८७४ साली अमेरिकेत सिनसिनाटी शहरातल्या इस्पितळात मेरी रॅफर्टी नावाची तीस वर्षांची बाई दाखल झाली. जन्माने आयरिश, पोटासाठी घरकाम करणारी मोलकरीण. तिच्या माथ्यावर कर्करोगाचा व्रण झाला होता आणि त्याने कवटी खाऊन दोन इंचांएवढा मेंदू उघडा पडला होता. डॉक्टर रॉबर्ट्स बार्थोलो यांनी त्यात सुया खुपसून वीज सोडली. उलट बाजूचा हात आणि पाय आखडला. प्राण्यांवर दिसले ते माणसावरही दिसले. इथे थांबता आले असते. डॉक्टरांनी प्रवाह वाढविला. बाई रडू लागली, हात ताठ झाला, अंगाला झटके आले आणि वीसेक मिनिटे ती बेशुद्ध होती. पुढच्या काही दिवसांत ती मेली. डॉक्टरांनी निबंध छापला. त्यात त्यांनी तिला मंदबुद्धीची म्हटले आणि त्याच निबंधात तिने आनंदाने संमती दिली असेही लिहिले. जिला बुद्धी नाही तिच्या संमतीला किंमत काय, आणि जिच्या संमतीला किंमत आहे तिला मंदबुद्धी कसे म्हणावे, हा पेच त्यांना पडलेला दिसत नाही. त्यांच्या व्यवसायबंधूंनी निषेध केला, त्यांनी खेद व्यक्त केला, आणि पुढे फिलाडेल्फियाच्या नामांकित वैद्यकीय महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले.

मेरी रॅफर्टीच्या मृत्यूला कारण तो प्रयोग की तो कर्करोग, यावर शास्त्रज्ञ वाद घालतात. आमचा प्रश्न दुसरा आहे. प्रवाह वाढविताना ती 'नको' म्हणू शकत होती काय? तिच्या 'नको'ला त्या खोलीत काही वजन होते काय? ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला संमती म्हणत नाहीत. कोऱ्या राजीनाम्यावर सही करून घेतलेले कामगार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. तीही सहीच असते. आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट आपण घरी न्यायची असेल तर ती ही असावी.

विसाव्या शतकात जखमी माथी गिरण्या-खाणींपेक्षा रणांगणावरून अधिक आली. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात रशियन सैन्यापाशी बारीक गोळीच्या वेगवान बंदुका होत्या. गोळी कवटीच्या एका बाजूने शिरून दुसरीने सरळ बाहेर पडे आणि शिपाई जगे. त्यांपैकी काहींची दृष्टी अर्धवट गेली होती. तात्सुजी इनोउये या तरुण जपानी नेत्रवैद्यांकडे काम आले ते असे: कोणाची किती दृष्टी गेली ते मोजायचे, म्हणजे त्याला निवृत्तिवेतन किती द्यायचे ते ठरविता येईल. इनोउये यांनी नुसता आकडा लिहून फाइल मिटली नाही. गोळी कोठून शिरली, कोठून निघाली हे मोजण्याचे साधन त्यांनी तयार केले. मधला मार्ग काढला, आणि मेंदूचा कोणता भाग गेला की नजरेचा कोणता तुकडा जातो हे जुळविले. एकोणतीस शिपायांच्या मोजमापांवरून १९०९ साली त्यांनी दृष्टीचा जो नकाशा प्रसिद्ध केला, तो नेत्रशास्त्राच्या पायातील एक दगड आहे. भरपाईचे काम प्रामाणिकपणे केले तर त्यातून शास्त्र जन्मास येते, याचे याहून सुंदर उदाहरण आमच्या वाचनात नाही. आमच्या सहकाऱ्याच्या दाव्यात कोणी इनोउये भेटला असता तर, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

दुसऱ्या महायुद्धात रशियातील अलेक्झांडर लुरिया यांनी मेंदूला इजा झालेल्या शिपायांसाठी उरल पर्वताच्या परिसरात इस्पितळ चालविले. त्यांच्याकडे झासेत्स्की नावाचा एक तरुण आला. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी. मार्च १९४३ मध्ये स्मोलेन्स्कच्या आघाडीवर त्याच्या डोक्यात गोळी लागली होती. त्याला उजवे-डावे कळेना, वाचता येईना, आपल्याच शरीराचे भाग सापडेनात. अक्षर अक्षर आठवून लिहिणे अशक्य होते. पण हात न उचलता, विचार न करता सलग लिहिले तर हात आपोआप शब्द लिहितो असे ध्यानात आले. लिहिलेले त्याला स्वतःला धड वाचता येत नसे, तरी पंचवीस वर्षे लिहून त्याने सुमारे तीन हजार पाने भरली.

लुरियांचा सिद्धान्त आम्ही आमच्या भाषेत असा समजून घेतला आहे. मेंदूतील कोणतेही मोठे काम एकट्या जागेचे नसते. ते अनेक खात्यांनी मिळून उरकलेले काम असते. एक खाते बंद पडले तर माल अडतो हे खरे, परंतु बाकीच्या खात्यांची नवी जुळणी करून काही माल पुढे सरकविता येतो. गेलेली जागा परत येत नाही. गेलेले काम मात्र काही वेळा दुसऱ्या वाटेने परत येते. त्यासाठी वेळ, सराव आणि जवळ बसणारा माणूस लागतो. गेजला घोडागाडीने जे दिले ते झासेत्स्कीला वहीने दिले.

आता पुन्हा विजेकडे वळू. माँट्रिऑलमध्ये १९३४ साली वाइल्डर पेनफील्ड यांनी मज्जासंस्थेच्या उपचारांची संस्था उघडली. फेपऱ्याच्या रुग्णाच्या मेंदूतील रोगट भाग काढताना वाणीचा किंवा हाताचा भाग कापला जाऊ नये, अशी त्यांना चिंता. मेंदूला स्वतःला वेदना नसते. म्हणून ते डोक्याची कातडी बधिर करून रुग्णाला जागा ठेवीत, मेंदूवर ठिकठिकाणी मंद प्रवाह लावीत आणि काय वाटते ते त्यालाच विचारीत. कोणी सांगे अंगठ्यात मुंग्या आल्या. कोणाची बोलता बोलता वाचा थांबे. त्या त्या जागी ते आकड्याची इवलीशी चिठ्ठी ठेवीत. अशा शेकडो रुग्णांवरून शरीराचा जो नकाशा निघाला त्यात धड आणि पाय यांना जागा थोडी. हात, ओठ आणि जीभ यांना भली मोठी. हातावर पोट असलेल्या माणसाने हा नकाशा एकदा अवश्य पाहावा. काम करणाऱ्या हाताला निसर्गाने आपल्या दप्तरात केवढा रकाना दिला आहे ते कळते. मेरीच्या खोलीत आणि या खोलीत सुई आणि वीज जवळजवळ तीच होती. फरक असा की इथे प्रयोग रुग्णाच्या उपचारासाठी चालला होता आणि प्रत्येक पावलावर त्याला विचारले जात होते.

कवटी न उघडता मेंदूला वीज पोचविता येईल काय? याचे उत्तर एका लोहाराच्या मुलाने शंभरसव्वाशे वर्षे आधीच देऊन ठेवले होते. मायकेल फॅरडे हे लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार होते; बांधायला आलेली पुस्तके वाचून ते शिकले. १८३१ साली त्यांनी शोधले की चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले तर जवळच्या वाहकात वीज उत्पन्न होते. १९८५ साली शेफील्डमध्ये अँथनी बार्कर व त्यांचे सहकारी यांनी तारेचे वेटोळे माणसाच्या डोक्यावर धरून त्यातून क्षणमात्र मोठा प्रवाह सोडला. चुंबकीय क्षेत्र हाडातून आरपार गेले, आत मेंदूत लहानसा प्रवाह उठला आणि माणसाचा हात हलला. कापणे नाही, सुई नाही. आज या साधनाने अपघात किंवा पक्षाघातानंतर मेंदूपासून हातापर्यंतची वाट किती शाबूत आहे ते तपासता येते. विषण्णतेच्या विकारावर उपचार म्हणून अमेरिकेच्या सरकारी खात्याने २००८ साली त्यास परवानगी दिली. पक्षाघाताने लुळा पडलेला हात याने सुधारतो काय, यावर जगभर प्रयोग चालू आहेत. काहींना गुण येतो, काहींना येत नाही. तेव्हा बाजारात कोणी हमखास गुणाची जाहिरात केली तर आपण सावध असावे.

विजेला दुसरीही बाजू आहे. १९६३ साली स्पेनमध्ये कोर्दोबा येथे होसे डेल्गादो या शास्त्रज्ञांनी बैलाच्या मेंदूत तार बसविली आणि स्वतः रिंगणात उतरले. बैल अंगावर धावून आला. त्यांनी हातातल्या यंत्राचे बटण दाबले आणि बैल थबकला. पुढे १९६९ साली त्यांनी ग्रंथ लिहून मेंदूवरील अशा ताब्याने समाज अधिक सुसंस्कृत करता येईल असा विचार मांडला. आम्ही तो वाचला तेव्हा आमच्या मनात शास्त्रीय शंका आली नाही, युनियनची शंका आली: बटण कोणाच्या हातात राहणार? शिंगे उगारणाऱ्या बैलाला थांबवायला आवडेल असे लोक जगात थोडे नाहीत.

शेवटचा टप्पा आपल्या काळातला. न्यूयॉर्कमधील मज्जावैद्य निकोलस शिफ यांनी डोक्याला जबर मार बसलेल्या माणसांचा अभ्यास केला. मेंदूच्या गाभ्यात थॅलॅमस नावाचे केंद्र आहे. तिथून बाह्य भागाला जणू जागते ठेवणारा पुरवठा जातो. पुष्कळ वेळा बाह्य भाग बराचसा शाबूत असतो, पण पुरवठा मंदावतो. दिवे ठीक, दाब कमी, असे समजा. २००७ साली शिफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ३८ वर्षांच्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. मारहाणीत डोके फुटून तो सहा वर्षे अर्धवट शुद्धीत पडून होता. थॅलॅमसमध्ये बारीक तारा बसवून मंद वीज सुरू केल्यावर तो वस्तूंची नावे सांगू लागला, तोंडाने घास खाऊ लागला.

मग २०२३ च्या डिसेंबरात त्याच मंडळींनी दुसरे काम प्रसिद्ध केले, आणि आमच्या सहकाऱ्यासारखी माणसे शास्त्राच्या पानावर आली. ही माणसे चालत-बोलत होती. परंतु अपघाताला वर्षे उलटली तरी लक्ष लागत नाही, काम तडीस जात नाही, चित्त थकते, अशी त्यांची अवस्था. एकाला जंतुसंसर्ग झाल्याने त्याचे यंत्र काढावे लागले. पाच जणांचा प्रयोग पुरा झाला. रोज बारा तास याप्रमाणे नव्वद दिवस यंत्र चालविल्यावर, विखुरलेले अंक आणि अक्षरे क्रमाने रेघेने जोडण्याच्या परीक्षेत त्यांचा वेग सरासरी ३२ टक्क्यांनी वाढला. पाच माणसे म्हणजे काही फार नव्हेत, आणि मेंदूत तार घालणे हा पोरखेळ नव्हे. तथापि इतक्या वर्षांनंतरही सुधारणेला जागा उरते, हे त्यातून दिसले.

या प्रयोगातील आणखी एक हकीकत आम्हांला त्या टक्क्यांहून मोलाची वाटते. सुधारणा यंत्रामुळेच झाली की नाही हे पाहण्यासाठी काही जणांचे यंत्र, त्यांना न कळविता, काही आठवडे बंद ठेवायचे असे ठरले होते. कोणाचे बंद होणार हे चिठ्ठी टाकून ठरणार होते. पाचांपैकी दोघांनी त्यात भाग घ्यायला नकार दिला. मिळालेले पुन्हा हरवण्याची जोखीम त्यांना नको होती. उरलेल्या तिघांपैकी एकाचे यंत्र बंद झाले आणि तीन आठवड्यांनी तो ३४ टक्क्यांनी मंदावला. म्हणजे तपासणीला अधिक माणसे मिळाली असती तर शास्त्राला ती हवीच होती. तरीही त्या दोघांचा नकार मानला गेला. कोणी त्यांना मंदबुद्धी म्हटले नाही, कोणी प्रवाह वाढविला नाही. १८७४ सालची मेरी रॅफर्टी आणि २०२३ सालची ही दोन माणसे यांच्यामधले जे अंतर आहे, ते आम्ही मेंदूच्या विद्येची खरी प्रगती समजतो. यंत्रे सुधारली हे खरेच; पण ज्याच्या डोक्यावर प्रयोग चालतो त्याच्या 'नको'ला वजन आले, हे अधिक मोठे.

आणि हे वजन आपोआप आलेले नाही. शिपायांच्या जखमांनी, मोलकरणीच्या हालांनी, प्रयोगशाळांत मेलेल्या मुक्या जनावरांनी आणि अन्याय दिसल्यावर गप्प न बसलेल्या डॉक्टरांनी ते आणले. हे ऋण फेडायचे तर आपल्या हाती दोन साधी कामे आहेत. पहिले, कामावर डोक्याला मार बसलेला माणूस परत आला की टाके पाहून दाखला देऊ नये. त्याच्या घरच्यांना विचारावे, त्याच्या शेजारी काम करणाऱ्याला विचारावे, सहा महिन्यांनी पुन्हा विचारावे, आणि ते सारे लिहून ठेवावे. दुसरे, असा माणूस चिडला, विसरला, चुकला तर आरोपपत्र देण्यापूर्वी त्याच्या माथ्याचा इतिहास वाचावा. शिस्तीचा भंग आणि मेंदूची जखम यांतला फरक कळण्याइतके ज्ञान आता जगात आहे. ते फाटकाच्या आत पोचविणे हे तुमचे आमचे काम.

आमचा तो सहकारी पुढे गावी गेला. थोरल्या भावाच्या पिठाच्या गिरणीत तो दळण टाकू लागला. रोज तेच काम, तीच वेळ, तीच माणसे. दोनतीन वर्षांनी आम्ही त्याला भेटायला गेलो तेव्हा तो पुष्कळ निवळला होता. आलेल्या डब्यांवर तो खडूने नावे लिहून ठेवी, म्हणजे विसरायला होत नसे; ही युक्ती त्याच्या बायकोची. आम्ही त्या वेळी गेजच्या घोडागाडीची हकीकत त्याला सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकली आणि विचारले, "त्याला भरपाई किती मिळाली?"

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला देता आले नाही.